एरंडेल आणि बाचे पाय

सुनेनं माझ्यासाठी सुंठीच्या काढ्यात एरंडेल ओतलं आणि त्या वासासरशी मी तीस सालच्या रेवसला पोचले.

बाचे गुडघे धरले होते. महिनाभर होडी किनाऱ्यालाच होती. वैद्यबुवांनी दिलेलं एरंडेल आय आठ दिवस त्याच्या गुडघ्यांना चोळत होती. गुण येईना, म्हणून वैद्यबुवाच घरी आले.

"अगो, हे काढ्यातून प्यायचं! दुखणं पोटात मुरलंय."

"गुडघं दुखतान, न् दवा पोटाला?" बा वैतागला, पण प्यायला.

तिसऱ्या सकाळी तो टमरेल घेऊन खाडीकडे चक्क पळाला. आम्ही पोरं हसून लोळलो. आय मात्र दारात रडत उभी.

आज माझे गुडघे धरल्यावर कळतं. आम्ही टमरेल बघत होतो. ती त्याचे पाय बघत होती.