दत्तारामभाऊंचा अनंत

आमच्या कांदिवलीच्या चाळीत दत्तारामभाऊंइतका हेकट माणूस दुसरा नव्हता. मिल बंद पडल्यावर ते एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले. बायको कधीच वारलेली, घरात ते आणि त्यांची मुलगी सुलक्षणा. शहाऐंशी साली सुलूने आपल्या मनाने दहिसरच्या पोराशी कोर्टात लग्न केलं, तर ह्या माणसाने भर गॅलरीत ओरडून सांगितलं, "ह्या उंबऱ्यात परत पाय ठेवू नको!" पोरगी कपड्यांची बॅग घेऊन रडत गेली. मागे राहिला तिचा डालड्याच्या डब्यातला अनंत.

काय फुलायचा तो! अख्खा मजला घमघमायचा. सुलू गेल्यावर भाऊ तिचं नाव काढेनात, झाडाला मात्र पाणी घालायला विसरत नसत. आणि सहा महिन्यांनी एक दिवस डबा उचलून थेट माझ्या दारात.

"वनमाला, ह्या बघ गो. झाड मरतला."

माझ्या माहेरी फुलांची बाग, म्हणून चाळीत कुणाचं रोप सुकलं की मलाच बोलावणं. बघते तर पानांच्या कडा करपून तपकिरी, टोकं कुरकुरीत, कळ्या न उमलताच गळलेल्या.

"मेलं तर मेलं. मालाडच्या बाजारातनं दुसरं आणा."

"दुसरा नको. ह्या तिचा आसा. न्हेवक येतली मा कधीतरी? झाडच नाय, तर कशाक येतली?"

म्हातारा डोळे पुसायला लागला. माझ्या तोंडातून मात्र भलतंच आलं. "एवढी आठवण येते तर जा की दहिसरला! दोन स्टेशनं. विलायत आहे काय?"

"आणि तिना दार उघडूक नाय तर?"

मी पान उलटून बघितलं. कीड नव्हती. मातीत बोट घातलं, ओल बरोबर होती. मग मातीवर पांढरी पापडी दिसली. नखाने खरवडून जिभेला लावली. थू! खारट!

"भाऊ, ह्याला घालता काय?"

"सुलू घाली ताच. मासे धुतलेला पाणी."

"कुठले मासे?"

"खारो बांगडो. भिजत घालतंय, ता पाणी."

"अहो, ती ताजे मासे धुवायची! तुम्ही मीठ घालून झाडाची पार वाट लावलीत."

डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली, वरची माती काढून टाकली. सकाळी नळ आल्यावर साध्या पाण्याच्या चार बादल्या त्यातून जाऊ दिल्या. करपलेली पानं खुडली. भाऊ शेजारी उकिडवे बसून सारखे विचारत होते, वाचतला मा? मी म्हटलं, वाचेल, महिना तरी लागेल.

संध्याकाळी पोस्टकार्ड घेऊन आले. त्यांना लिहिता यायचं नाही. म्हणाले, "सुलूक लिही. तुझ्या झाडाक मी खाऱ्या बांगड्याचा पाणी घातलंय. पानां करपली. चुकी माझी."

"आणि ये म्हणून लिहू ना?"

"नको. तिचो राग गेलेलो नसलो तर? इतक्याच लिही."

पुढचे चार दिवस ते कामावरून आले की गॅलरीत, झाडाशेजारी. नजर मात्र खाली गेटाकडे. पाचव्या दिवशी, रविवारी, सुलू आली. झाडाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. हातात पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाबा, रोज खाराच खाताय?"

मला मेलीला लाज वाटली. पानं बघितली, माती चाखली, पण शेजारचा म्हातारा एकटा काय जेवतो, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. पोरीला चार ओळींच्या कार्डात तेवढंच दिसलं होतं.

पिशवीत ताजे बांगडे होते. भाऊंनी ती तिच्या हातातून घेतली, दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "आत ये गो. माका साफ करूक येणत नाय."