काकूंना रस्ता ओलांडून देणारी मुलं

आमच्या गल्लीत कपडे दुरुस्त करणाऱ्या काकूंना मुलं टाचणीकाकू म्हणत. त्यांच्या गळ्यापाशी कायम दोन-चार टाचण्या खोचलेल्या असत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दूरच्या शहरात. दिवसभर त्या आणि मशीन. कुणाशी बोलणं झालंच, तर पॅंटच्या लांबीबद्दल.

शाळेच्या दारात गाड्यांची झुंबड उडून एक मुलगा चाकाखाली येता येता वाचला, तेव्हा काकूच पुढे झाल्या. "एवढ्याशा अंतराला गाड्या कसल्या काढता? मी नेते पोरांना पायी."

त्यांची तऱ्हा मात्र उलटी. मोठ्या रस्त्याशी आलं की त्या मुलांचा हात धरत नसत, आपला हात पुढे करत. "मला काही दिसत नाही. कधी निघायचं ते तू सांग." मग पोरं दोन्हीकडे नीट बघत, वळणारी स्कूटर हेरत. कुणी घाई केली की काकू जागच्या हलत नसत. "मला वर पाठवायला निघालास काय रे? अजून तुझ्या बापाची पॅंट सैल करायचीय."

मूल तयार झालं की त्या घरी येऊन सांगत, "आता हा एकटा जाईल." त्यावर कुणी शंका घेत नसे. असं होता होता शेवटी आमची धाकटी लेक तेवढी उरली.

एका शनिवारी तिचा उसवलेला फ्रॉक घेऊन आम्ही दोघी काकूंकडे गेलो. मी सहज विचारलं, "जाईल का हो ही आता एकटी?"

काकूंनी मशीन थांबवलं, उगाच दोरा ओढून पाहिला. "अजून जरा दिवस..."

धाकटीचा चेहरा पडला. "माझं काय चुकतं, काकू?"

काकूंनी तिला जवळ ओढलं. "तुझं काही चुकत नाही गं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सोमवारपासून एकटी सोडा तिला."

सोमवारी धाकटी गेली. थोड्या वेळानं मी दूध आणायला निघाले, तर काकू केस विंचरून, चपला घालून आपल्या दारात उभ्या.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही."

"या ना, चहा टाकते."

"नको बाई, कामं पडलीत."

चपला काढून त्या आत गेल्या. मशीनचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.