घर, मुलं, आजार

"रस्ता सांगा, माणूस काढून देतो," असं म्हणून तो करंगळीनं एंटर दाबायचा. बाकीची बोटं हवेत. तुम्हीही हसला असतात.

यवतमाळच्या आमच्या छोट्या आरोग्य संस्थेत डेटाबेस तो सांभाळायचा. गावोगावच्या ताई मोबाइलवर एकेका घराची माहिती भरत आणि ती सगळी एकाच रकान्यात, जेसन नावाच्या गाठोड्यात येऊन पडे. त्यातून हवं ते काढायला तो यंत्राला रस्ता लिहून द्यायचा: घर, मग मुलं, मग आजार. त्यावरून सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांची यादी निघे आणि यादीवरून गोळ्या जात.

माणूसही तसाच नाकासमोर चालणारा. बोरी अरबला एका लग्नाला गेला, तो पत्रिकेतल्या घरच्या पत्त्यावर. लग्न होतं शाळेच्या मैदानात. हा कुलूपबंद घराच्या ओट्यावर बसून राहिला.

"अरे, फोन करायचा ना!"

"पत्ता त बरोबर होता न," म्हणाला. आम्ही त्याला महिनाभर छळलं.

मागच्या उन्हाळ्यात घाटंजीकडचे एक काका आले. टोपी हातात घेऊन त्याच्या टेबलाशी उभे राहिले.

"साहेब, माही भाची गेली. माह्याघरीच राहे शाळेसाठी. ताईनं नाव लिहून नेलतं, पण गोळ्या आल्याच नाही. आता यादीतून नाव काढून टाका. आता गोळ्या आल्या त तिच्या मायले सोसणार नाही."

त्यानं यादीत नाव शोधलं. रिकामं आलं. चूक झाली असंही यंत्र म्हणालं नाही.

"काढलं, काका."

काका हात जोडून गेले. मग त्यानं त्या घराचं गाठोडं उघडून डोळ्यांनी वाचलं. मामाकडे शिकायला राहिलेली पोर ताईंनी 'पाहुणे'मध्ये लिहिली होती. पुढं सिकलसेलही लिहिलं होतं. त्याचा रस्ता फक्त 'मुलं'मधून जात होता.

"एरर त द्याची होती न," एवढंच तो बोलला.

मी चहा मागवला. खरं सांगतो, तेव्हा मला त्यात फार काही वाटतही नव्हतं.

दोन दिवस तो रस्ते लिहीत होता. पाहुणे, भाचे, आजीकडे ठेवलेली नातवंडं. "जो रस्ता मले सुचला नाही, त्यावरचं पोरगं राह्यलंच," म्हणाला.

नवी यादी निघाली. आणखी मुलं सापडली. त्यात तिचंही नाव आलं, गावासकट. ते त्यानं काढलं, यादी माझ्या टेबलावर ठेवली आणि डबा उचलून गेला. गोळ्या त्याच आठवड्यात गावोगाव पोचल्या. तो परत कामाला आला नाही.