उपासाचं ताट आणि दुसरा मजला

"अँजायना आहे," ईसीजीचा, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखाचा कागद टेबलावर पसरून डॉक्टर म्हणाले. हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या की चालता-चढताना छातीत कळ येते, ती अँजायना. यजमान चित्रकलेचे शिक्षक, वय सत्तेचाळीस, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिना चढण्याइतके बरे असल्याचा दाखला मिळाला तर नोकरी, नाहीतर घरी बसायचं.

डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली, सिगारेट बंद केली आणि तेलतूप कमी करायला सांगितलं. हे शेवटचं काम माझं. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

तूप बंद. शेंगाचटणी बंद. वैरागहून धाकट्या वन्सं आल्या होत्या. म्हणाल्या, "वैनी, दादाला भाकरी कशाला? जड हाय की ती. मऊ भात घाला." तेही पटलं. यांचा सोमवारचा उपास होताच, त्यात शनिवार वाढवला. पोटाला विश्रांती मिळेल अशी माझी समजूत.

दोन महिन्यांनी शाळेचा जिना चढून बघताना हे आठव्या पायरीवरच छाती धरून थांबले. पुन्हा दवाखाना, उपाशीपोटी रक्ततपासणी, अहवालाची चार दिवस वाट. रक्तातली साखर वाढली होती आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून फिरणारी एक चरबी, तीही.

"खातात काय?" डॉक्टरांनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. चहा-बिस्किटं, मऊ भात, शक्तीसाठी ग्लुकोजचं पाणी. उपासाला साबुदाण्याची खीर, गुळातली रताळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, हा उपास की पंगत?"

"तेलाचा थेंब नाही हो त्यात."

"तेल नाही, पण साखर आणि पिष्ट किती! गरजेपेक्षा जास्त गेलं की यकृत त्याचीच चरबी करतं."

"मला शंका होतीच," हे म्हणाले. "पथ्य इतकं गोड नसतं."

त्या दिवसापासून दोन्ही उपास बंद. साखर, ग्लुकोज बंद. दोन्ही वेळा एक भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, ताक. चटणी चिमूटभर परत आली, त्यावर हे फार खूश. गोळ्या चालूच, आणि रोज सकाळी सिद्धेश्वर तलावापर्यंत चालणं.

वन्सं पुन्हा आल्या, तेव्हा रागावल्या. "उपास सोडल्यावर देव काय म्हनंल?"

"देवाला मी सांगते. तुम्ही दादांचा जिना बघा."

तीन महिन्यांनी रक्ताचा अहवाल बराच सुधारला. डॉक्टरांनी यांना दवाखान्याचा जिना दोनदा चढायला लावला, नाडी पाहिली आणि दाखला लिहिला. त्या डॉक्टरांचे उपकार मी मानते. कुणाच्या घरी असं दुखणं आलं तर काय बंद करायचं एवढंच विचारून परत येऊ नका. त्याऐवजी ताटात काय वाढणार, तेही डॉक्टरांना सांगा.

पहिल्या दिवशी मी शाळेच्या फाटकापर्यंत गेले. हे सावकाश वर गेले आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून हात केला. मीही केला, आणि ज्वारी घ्यायला बाजाराकडे वळले.