पदरातली सुई

गोदाकाकूंच्या पदराला शेवटची दोन वर्षं कायम एक सुई टोचलेली असे. कुणी भेटलं की सुई काढायच्या आणि हात पुढे करायच्या. "टोचून पाह्य वं बाई. मले दुखते."

काकू वडनेरला आमच्या शेजारी राहायच्या. संधिवाताने त्यांची बोटं बाहेरच्या बाजूला वळली होती, कोपरांवर सुपारीएवढ्या गाठी होत्या. तरी तळव्याने लाटणं फिरवून त्या असा पापड लाटत, की पलीकडचं दिसावं. कुणाकडे लग्न निघालं की उडदाचं पीठ कुटायच्या आधी काकूंना बोलावणं जाई. त्याचा त्यांना केवढा तोरा! "बोटं वाकडी हायेत, पापड पाहा," म्हणायच्या.

मग नडगीवर एक फोड आला. फुटला आणि त्याची जखम झाली, कडेने जांभळी. गावातला कंपाउंडर दर आठवड्याला ती खरवडून साफ करी आणि ती दर आठवड्याला वाढे. बायकांनी वाकडी बोटं पाहिली, जखम पाहिली आणि महारोग ठरवून मोकळ्या झाल्या. काकूंना बोलावणी यायची बंद झाली.

मी काकूंसोबत अकोल्याला गेले. तिथल्या डॉक्टरांनी बोटांना, पायाला सुई टोचली. काकू कळवळल्या. महारोगात असं दुखत नाही, डॉक्टर म्हणाले. ही संधिवाताचीच जखम, क्वचित कुणाला होते, दुसऱ्याला लागत नाही, फक्त खरवडू नका. दुखतंय म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. येताना त्यांनी बाजारातून सुई घेतली.

माझ्या लग्नाचे पापड होते तेव्हा काकू न बोलावता आल्या, स्वतःचं पोळपाट-लाटणं घेऊन. बायका सरकून बसल्या. काकूंनी सुई पुढे धरली. "कोनीबी टोचा. दुखलं नाही तं मी उठून जातो."

टोचायचं तर हात धरावा लागतो. कुणी हलेना. मी उठले, तर आईने दंड धरून खाली बसवलं. काकूंनी सुई पदराला लावली, पोळपाट उचललं आणि लंगडत घरी गेल्या. त्या दिवसाचा राग अजून माझ्या मनातून जात नाही.

दोन वर्षांनी त्या गेल्या तेव्हा मी माहेरी आले होते. अंघोळ घालायला शेजारच्या बायका उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थबकल्या. काकूंच्या धाकट्या जावेने आणि मी पाणी घातलं. लुगडं सोडताना पदराला सुई दिसली. काढून हातात घेतली. दुसऱ्या हातात काकूंचा हात होता, वाकड्या बोटांचा, गार.

आता टोचून काय कळणार होतं?