म्हशीला डॉक्टर, मामाला विडी

डोक्यात नुसती तिडीक गेलीय, म्हणून लिहितेय.

कल्याणजवळच्या गावात माझ्या मामाच्या म्हशी आहेत. त्याचा ताप उतरेना, म्हणून आज सकाळी त्याला ठाण्याला आणलं. तपासताना डॉक्टरांना काखेत भाजल्याचा डाग दिसला.

"काय नाय ओ, गोचीड चिकटलेला. विडीचा चटका देऊन काढला."

डॉक्टर म्हणाले, "अहो, गोचिडामुळेही ताप येतो. आधी का नाही सांगितलंत?"

"गोचीड काय सांगायचा? गोठ्यात चावतातच."

आत्ता सलाईन लावलीय आणि हाच माणूस मला सांगतोय, "मामीला फोन लाव. चांदी म्हशीच्या कानात गोचीड दिसलेला. ढोरांच्या डॉक्टरला आजच्या आज बोलव म्हणावं."

तुमच्याकडेही असंच चालतं का हो?