कललेली झालर

खगोल मंडळ जन्माला आलं ते शिंपीकाकांच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर. दिवसभर तिथं पँटी बेतल्या जायच्या आणि गिऱ्हाइकं पांगली की काका नि त्यांचे शाळामास्तर मित्र त्याच टेबलावर दुर्बिणीचा आरसा घासत बसायचे. घासायची पूड एकदा एका नवरदेवाच्या कोटात गेली आणि बिचारा स्वतःच्या लग्नात अंग खाजवत उभा राहिला. मंडळाचं हे पहिलं समाजकार्य, असं काका सांगत.

दुर्बीण दुकानासमोरच्या फुटपाथवर आली, तेव्हा मास्तरांनी नियम घातला: बघणाऱ्याला आधी काही सांगायचं नाही, काय दिसतं ते त्यालाच बोलू द्यायचं. पुढे मास्तर गेले, मंडळ वाढलं, दातांच्या डॉक्टरीणबाई अध्यक्ष झाल्या. नियम आणि दुर्बिणीपाशी उभे काका मात्र जागचे हलले नाहीत.

हल्ली हा नियम काकांना देवासारखा पावला होता. काचबिंदूनं एक डोळा गेला होता, दुसराही भरवशाचा नव्हता. सुईत दोरा काकू ओवून देत आणि वर, "टीप वाकडी आलीय," असं ऐकवत. मंडळात काकांनी चकार शब्द काढला नव्हता. ते कानानंच फोकस करत. "हं, छान" ऐकू आलं की चाक आणखी फिरवायचं, "अरे बापरे!" आलं की थांबायचं.

मग एका संध्याकाळी त्यांनी गुरू समजून पाण्याच्या टाकीवरचा दिवा अख्ख्या रांगेला दाखवला. लोक सभ्य, छान छान म्हणत पुढे सरकले. काका चाक फिरवून दमले, पण एक "अरे बापरे" निघेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी डोळा लावला आणि बिंग फुटलं.

"काका, यापुढे तुम्ही खुर्चीत बसून माहिती सांगा. दुर्बीण आम्ही बघतो." बाई प्रेमानंच म्हणाल्या, पण काका दुर्बिणीपासून हटले नाहीत.

"एकदा शनी लावू द्या. नाही जमलं, तर गुमान खुर्चीत बसतो."

ठरलेल्या संध्याकाळी बाईंनी दुर्बीण शनीवर रोखून दिली, फोकसचं चाक काकांकडे. खुर्चीही त्या घेऊनच आल्या होत्या. रांगेत पहिल्या उभ्या होत्या काकू! "त्या सवतीचं तोंड बघायचं नाही मला," म्हणत त्यांनी जन्मात कधी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. काकांना वेगळीच धास्ती वाटली. आपल्यासाठी ही खोटंच "अरे बापरे" म्हणाली तर?

काकू गप्प. काकांनी चाक फिरवलं. तरी गप्प. बाईंचा हात चाकाकडे येऊ लागला.

"थांबा, हलवू नका," काकू म्हणाल्या. "चेंडूला झालर लावलीय हो कुणीतरी."

काकांनी चाक तसंच धरून ठेवलं. शनीला कडं असतं, हे तर हिनं घरात हजारदा ऐकलेलं.

डोळा न काढताच काकूंनी च्च केलं. "पण सरळ नाही लावली. एका अंगाला कललीय."

हे काकांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. जन्मभर ऐकलेल्या खोडींपैकी एवढी गोड एकही नव्हती. त्यांनी चाकावरचा हात काढला, घसा खाकरला आणि म्हणाले, "चला, पुढचे या."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची उचलली आणि काकूंना बसायला दिली.